एवढी चांगली लाईट

१

रामकिसन शेजूळ खांबावर मेला तेव्हा पळसखुंटा गावात लाईट होती. सगळी भानगड हीच होती.

कारण लाईट असायलाच नको होती. बदनापूर तालुक्यातल्या या गावाचा वायरमन रामकिसन दुपारी बारा अडतीसला उपकेंद्रातून परमिट घेऊन, म्हणजे वरून लाईन बंद करून घेऊन, गावच्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या, डीपीजवळच्या, खांबावर चढला होता. पंधरा-वीस मिनिटांनी गावातले पंखे एकाएकी फिरायला लागले आणि खांबावरचा माणूस तारेला चिकटला. मिनिटभराने पंखे थांबले. त्याला खाली उतरवायला अर्धा तास लागला, पण तोवर घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चौकशी समितीला गुन्हेगार सापडायला दोन दिवस पुरले. बंद लाईनमध्ये वीज आली, म्हणजे उपकेंद्रातून कोणीतरी ती सोडली. उपकेंद्रात त्या वेळी एकटा ऑपरेटर राजानंद मगरे होता आणि त्याच्या लॉगबुकात नेमक्या त्याच ओळीवर खाडाखोड होती. गावात काहींचा तपास तर त्याचं आडनाव ऐकूनच पुरा झाला होता. राजानंद निलंबित झाला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला आणि बडतर्फीचा निर्णय द्यायला सोमवारची तारीख पडली.

त्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी राजानंदची बायको अक्षता जालन्यात दीपमाला हिवाळेंच्या दारात येऊन उभी राहिली.

दीपमाला दोन वर्षांपूर्वी वीज कंपनीच्या चाचणी विभागातून निवृत्त झाली होती. चौतीस वर्षं तिने बिघडलेली यंत्रं उघडून नेमकं काय बिघडलं ते शोधलं होतं. यंत्रांवर तिचा विश्वास होता. माणसांबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं, आणि साहेब लोकांबद्दल तर ती बोलतच नसे. राजानंद नवखा असताना वर्षभर तिच्या हाताखाली शिकला होता.

"म्याडम, ते जेवून न्हाई राह्यले," अक्षता म्हणाली. "दिवसभर एकच. मी लाईन सोडली न्हाई, मी लाईन सोडली न्हाई. मला सांगतेत, लेकराला सांगतेत, भितीला सांगतेत."

"आणि तुला काय वाटतं?"

अक्षताने पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही खरं काय ते हुडकून काढा. त्यांची चूक निघाली तरी चालंल. पण खरं निघू द्या."

असं बोलणारी माणसं दीपमालाला क्वचित भेटली होती. तिने चप्पल पायात सरकवली.

२

राजानंद खाटेवर बसला होता. "जयभीम म्याडम," म्हणून उठला आणि लगेच परत बसला, जणू तेवढ्यानेच दमला.

"खाडाखोड कशाची?" दीपमालाने विचारलं. गोड बोलून वेळ घालवणं तिला जमत नसे.

"परमिट दिल्याची वेळ चुकून परमिट परत आल्याच्या रकान्यात लिव्हली. बारा अडतीस. मंग दीडच्या पुढं लाईन सोडली तवा ते खोडून एक चाळीस केलं. एवढंच."

"यंत्राची आपोआप होणारी नोंद?"

"ते यंत्र चार महिने झाले बंद हाय. तीन पत्रं धाडली." त्याने नुसती मान हलवली. "मी मधात लाईन सोडली न्हाई, म्याडम."

दीपमालाने त्याच्याकडचे कागद चाळले. पंचनाम्याच्या एका फोटोवर तिचं बोट थांबलं. खांबावरच्या तारेला अर्थिंग रॉड अडकवलेला दिसत होता, ज्याने चुकून आलेली वीज जमिनीत जावी तो. समितीने तर लिहिलं होतं की मयताने रॉड वापरलाच नाही.

"हा काय मग?"

"हायच की. पण तो डीपीच्या बाजूला हाय. ते म्हणतेत, माणूस मेला म्हणजे रॉड लागला नव्हता."

दीपमाला दुपारच्या बसने पळसखुंट्याला गेली आणि खांबाखाली उभी राहिली. वर एक खटका होता, गावाला डीपीपासून वेगळं करणारा. रामकिसनने रॉड खटक्याच्या अलीकडे, डीपीच्या बाजूला लावला होता, कारण वायरमनच्या जन्मात वीज येते ती वरूनच. काम तो करत होता खटक्याच्या पलीकडे, गावाच्या बाजूला.

गावाच्या बाजूला होत्या पेट्या. पळसखुंट्यात बासष्ट छपरांवर सोलरच्या प्लेटा आहेत आणि प्रत्येकीखाली एक पेटी. पूर्वी ऊन चढलं की गावातला व्होल्टेज चढायचा आणि मोटारी जळायच्या. ढग आला की तोच व्होल्टेज पडायचा आणि मोटारी कण्हत बसायच्या. लांबच्या ऑफिसातून कोणी त्याच्यामागे किती धावणार? म्हणून या पेट्या आल्या. प्रत्येक पेटी आपल्या दाराशी किती व्होल्टेज आहे ते बघते, शेजारच्या चार पेट्यांना विचारते आणि थोडं देते, थोडं ओढून घेते. त्यांच्यात सरपंच कोणी नाही. या गावातल्या माणसांना जो एकोपा कधी जमला नाही तो पेट्यांना जमला होता.

आणि वरची लाईन गेली की बासष्टच्या बासष्ट पेट्या दोन सेकंदांत आपोआप झोपतात. म्हणूनच समितीने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर या सगळ्यांची मिळून एक मोठी पेटी होती, कुलूपबंद. झाकणाला काच होती आणि आत अडीअडचणीला वापरायची दोन बटणं. त्यांच्यावर पांढऱ्या पट्ट्या, ठसठशीत अक्षरांत: धरा. सोडा. पट्ट्यांखालून जुन्या पुस्तकी मजकुराचा एक कोपरा डोकावत होता. व्होल्टेजला 'विभव'बिभव म्हणणारा तो मजकूर झाकून या सोप्या पट्ट्या दीपमालानेच नोकरीच्या शेवटच्या महिन्यात लिहून दिल्या होत्या, बायकांना वाचता याव्यात म्हणून. आपल्या हातून निदान एवढं तरी बरं झालं, असं तिला वाटलं.

"कोण पाह्यजे?" मागून आवाज आला. कपाळ मोकळं असलेली एक बाई उभी होती, गळ्यात काळ्या दोऱ्यात चावी. रामकिसनची बायको नंदाबाई. बचत गटाने मोठी पेटी तिच्याकडे सोपवली होती.

दीपमालाने नाव सांगितलं. राजानंदचं नाव निघताच नंदाबाईचा चेहरा बंद झाला.

"त्या मगऱ्याला फाशी द्या म्हणाव. माझा माणूस त्याच्या भरोशावर चढला व्हता."

आणि ती चालू लागली. दीपमालाने वर तारेकडे पाहिलं. वीज गावाच्या बाजूने आली असेल तर गावातल्याच कोणीतरी ती दिली होती.

३

पेट्यांखेरीज गावात वीज तयार करू शकणारा एकच माणूस म्हणजे दूध संकलन केंद्राचा शिवाजी. त्याच्याकडे डिझेलचा जनरेटर होता. आणि महिनाभरापूर्वी रामकिसनने त्याच्या विहिरीवरचा आकडा, म्हणजे तारेवर चोरून टाकलेली वायर, भर दिवसा ओढून काढला होता. चारचौघांत दोघांची जुंपली होती.

दीपमाला शुक्रवारी सकाळी केंद्रात शिरली तर जनरेटरच्या जागेवर तेलाचा चौकोनी डाग तेवढा होता.

"जनरेटर कुठं गेला?"

शिवाजी कॅनची झाकणं लावता लावता थांबला. "दुरुस्तीला."

"कधी?"

"झाले की दिवस."

"रामकिसन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. समोरच्या दुकानात विचारलं मी."

शिवाजी मटकन कॅनवर बसला. "ताई, बहिणीच्या गावाला नेऊन ठेवलाय. माझं अन् त्याचं भांडण साऱ्या गावानं पाह्यलं व्हतं. पोलीस आले असते तर पैले मलाच उचललं असतं. पण लेकराची शपथ घेतो, त्या दिवशी म्या जनरेटरला हात लावला न्हाई. डिझेलच नव्हतं."

शपथा दीपमालाने पोत्याने ऐकल्या होत्या. ती भिंतीवरच्या स्टॅबिलायझरकडे बघत होती. दुधाची थंड टाकी त्याच्यावर चालत होती. त्याचा काटा मागेपुढे हलत होता आणि आतून सारखी टकटक चालू होती.

"हा नेहमी असा वाजतो?"

"दिवसभर. जनरेटर लावला तर लईच. माझ्या डोक्यात बसलीय ती टकटक."

"त्या दुपारी लाईट आली तेव्हा तू कुठं होतास?"

"हितंच." शिवाजीने आठवायला डोळे बारीक केले. "पंखा फिरला म्हणून म्या वर पाह्यलं. अन् मला वाटलं, हा स्टॅबिलायझर जळाला का काय."

"का?"

"टकटक झालीच न्हाई ना ताई. बिलकुल आवाज न्हाई. काटा दोनशे तीसवर, खिळा ठोकल्यासारखा. म्या पन्नाशीला आलो, या गावात एवढी चांगली लाईट कधी पाह्यली न्हाई."

दीपमालाने त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. मग ती बाहेर येऊन कडुनिंबाखाली उभी राहिली. शिवाजीचा लहानसा जनरेटर अख्ख्या गावाचे पंखे ओढताना गुदमरला असता, काटा नाचला असता. वरून आलेली लाईट भर दुपारी कधी सरळ नसते. इतका सरळ व्होल्टेज एकच गोष्ट देऊ शकत होती: एकमेकींना विचारून चालणाऱ्या बासष्ट पेट्या.

आणि त्या पेट्या तर झोपलेल्या असायला हव्या होत्या.

४

आधी राजानंदची बाजू पक्की करायची होती. पळसखुंट्याच्या लाईनवरच पुढे एक वस्ती लागते. वरून लाईन सोडली असती तर तिथेही लाईट आली असती. त्या वस्तीवर दैवशालाबाईंची पिठाची गिरणी आहे.

"त्या दिवशीचं बराबर ध्यानात हाय," दैवशालाबाई हात झटकत म्हणाल्या. पिठाने त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. "साडेबाराच्या पुढं गेली ती पावणेदोनाला आली. मधात बिलकुल न्हाई. आठ डबे ओळीत, बाया बडबड करून राह्यल्या, अर्धं पीठ गिरणीत अडकलं व्हतं. मंग शेजारून कळलं, वायरमन गेला."

राजानंद सुटला होता. निदान दीपमालाच्या वहीत तरी सुटला होता. तिला बरं वाटायला हवं होतं, पण एक माणूस सुटला की उरलेल्यांपैकी कोणीतरी अडकतो आणि आता फार थोडे उरले होते.

शनिवारी ती जालन्यात राधेश्यामच्या ऑफिसात गेली. पळसखुंट्यासह त्रेचाळीस गावांत पेट्या बसवण्याचं कंत्राट त्याचं होतं. राधेश्याम हसतमुख माणूस, चहा सांगितल्याशिवाय ऐकत नाही.

"म्याडम, मी हितून पेटी चालवू शकत न्हाई," तो म्हणाला. "तुम्हीच तर तपासणीच्या वेळी अट घातली व्हती, नेटवर्क नसलं तरी गावाचं गावात चाललं पाह्यजे. बटण दाबायचं तर गावातच."

"वरची लाईन बंद असताना पेट्या जाग्या कशा होतील?"

"पैले होतच नव्हत्या. प्रत्येक पेटीला आधी दुसरं कोणीतरी उभं राह्यलेलं लागतं." त्याने अभिमानाने कपाटातून एक कागद काढला. "मागच्या महिन्यात ग्रामपंचायतीत मोठी बॅटरी बसवली ना. आता 'धरा' दाबलं की वरचा खटका उघडतो, गाव वेगळं होतं, बॅटरीची पेटी आधी उभी राहती अन् तिच्यामागं एक एक करून साऱ्या. व्होल्टेज दोनशे तीसवर धरून ठेवतेत. 'सोडा' दाबलं की साऱ्या लाईन सोडून देतेत, म्हणजे लाईन बंद. काही बिघाड झाला तर मिनिटभरात आपोआप बी झोपतेत. एकदम सेफ."

दीपमालाने चहाचा कप खाली ठेवला. "हे गावाला सांगितलं होतं?"

"पत्रक दिलं की."

"कोणत्या भाषेत?"

"इंग्रजीत. कंपनीकडून आल्तं तसं."

"आणि वायरमनला?"

"मोबाइलवर पाठवलं व्हतं त्येच." राधेश्यामचं हसू जरा उतरलं. "म्याडम, बटण चुकून दाबलं जाईल असं न्हाई. कुलूप हाय. चाव्या दोनच. एक माझ्याकडं." त्याने ड्रॉवरमधून लाखेची मोहर असलेलं पाकीट काढून पुढे ठेवलं. मोहर शाबूत होती.

दुसरी चावी कुठे असते हे विचारायची गरज नव्हती. ती काळ्या दोऱ्यात होती.

५

रविवारी सकाळी नंदाबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. दीपमाला न बोलता शेजारी बसली आणि सुपातले खडे वेचायला लागली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "नंदाबाई, त्या दिवशी मोठी पेटी कोणी उघडली होती?"

"मीच." नंदाबाईने मान वर केली नाही. "दर बारी मीच उघडते. ते खांबावर चढायच्या आधी सांगून जायचे, मी चढून राह्यलो, तू पेटीपशी बस, धरून ठेव."

"मग तुम्ही काय केलंत?"

"धरून ठेवलं. 'धरा' दाबलं." आता तिने वर पाहिलं, डोळ्यांत थेट. "'सोडा'ला मी बोटसुदिक लावलं न्हाई म्याडम. तेवढं मला समजतं. पाणी सोडलं म्हणजे वावरात जातं, धरलं म्हणजे थांबतं. लाईन बी तशीच. तेच म्हणायचे ना, सायबानं लाईन सोडली, अजून सोडली न्हाई. मंग काम चालू असताना सोडा कोण दाबंल? मी धरूनच ठेवली व्हती."

दीपमालाने आणखी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"किती वेळा केलंत असं?"

"दोन वर्सं झाले. सात-आठ बारी तरी. कधी काही झालं न्हाई." नंदाबाई पुन्हा तुरीकडे वळली. "या बारी बी मी धरलीच व्हती. पण त्या मगऱ्यानं वरून सोडली, मंग माझ्या धरण्याचा काय उपेग झाला?"

सात-आठ वेळा काही झालं नाही, कारण तेव्हा बॅटरी नव्हती. 'धरा' दाबूनही झोपलेल्या पेट्या झोपलेल्याच राहत. चूक दोन वर्षं बरोबर ठरत गेली, सवय झाली आणि बॅटरी आल्यावर पहिल्याच परमिटला ती उठून उभी राहिली.

पण ती चूक नंदाबाईची नव्हती. दीपमालाला ती दुपार लख्ख आठवली. समोर कंपनीचा इंग्रजी कागद होता, एका बटणाला होल्ड, दुसऱ्याला रिलीज. व्होल्टेज धरा, व्होल्टेज सोडा. तिने अर्ध्या मिनिटात लिहून दिलं होतं आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायली होती. जिथे अख्खा मराठवाडा लाईन आली की 'सोडली' म्हणतो, जिथे ती स्वतः चौतीस वर्षं तेच म्हणत आली, तिथे लाईन बंद करायच्या बटणावर तिने 'सोडा' लिहिलं होतं आणि लाईन जिवंत करायच्या बटणावर 'धरा'. अक्षरं मराठी लिहिली, डोकं मात्र इंग्रजीत चाललं होतं. गुरुवारी पट्ट्या डोळ्यांसमोर होत्या तरी तिला दिसलं नाही, आणि राजानंद, अक्षता, नंदाबाई सगळेच तो शब्द तिच्या कानावर घालत होते.

तिला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. ती सुपातले खडे वेचत राहिली.

"मला वाचायला त्यांनीच शिकवलं," नंदाबाई सांगत होती. "पेटीसाठीच. ध, अन् र ला काना रा. मी बराबर दाबलं व्हतं ना म्याडम?"

"बराबर दाबलं," दीपमाला म्हणाली. हे खरं होतं, त्याचीच तिला भीती वाटली.

६

त्याच दुपारी तिने राजानंदला सगळं सांगितलं. अक्षता दारात उभी राहून ऐकत होती.

"बटण कोणी दाबलं ते लिहिल्याशिवाय उद्या काही टिकणार नाही," दीपमाला म्हणाली. "आणि लिहिलं तर पोलीस उद्या संध्याकाळी तिच्या दारात असतील. पट्टीवरच्या शब्दावर गुन्हा कोण लावतो?"

अक्षता दारातून आत गेली आणि तिने एक भांडं जोरात आपटलं.

"नंदावहिनीचं नाव लिहू नका," राजानंद म्हणाला. "मी लाईन सोडली न्हाई हे तुम्हाला कळलं. एका माणसाला तरी कळलं."

सोमवारी चौकशी अधिकाऱ्यापुढे दीपमालाने तीन पानं ठेवली. गिरणीची साक्ष, स्टॅबिलायझरचा काटा, रॉडची जागा, बॅटरी. शेवटी लिहिलं होतं: 'गावातून बटण दाबले गेले. बटणावरील चुकीचे शब्द मी लिहिले व तपासून सही केली. जबाबदारी माझी.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "कोणी दाबलं?"

"ते महत्त्वाचं नाही."

"म्याडम, महत्त्वाचं तेच आहे. नाव द्या." दीपमालाने नाव दिलं नाही. साहेबांनी पानं टाचणीने फाईलला लावली. "पेट्या या चौकशीच्या कक्षेत येत नाहीत. तुम्ही निवृत्त आहात, तुमच्यावर आम्ही काय करणार? आणि लॉगबुकात खाडाखोड तर आहेच ना?"

गुरुवारी राजानंदला बडतर्फीचं पत्र मिळालं. त्याच दिवशी त्रेचाळीस गावांना एक परिपत्रक गेलं: पुढील आदेशापर्यंत पेट्यांना व त्यावरील मजकुराला कोणीही हात लावू नये. म्हणजे पट्ट्या तशाच राहणार होत्या. पळसखुंट्याला नवा वायरमन बबलू रुजू झाला होता आणि शुक्रवारी तो खांबावर चढणार होता.

दीपमाला शुक्रवारी सकाळच्या पहिल्या बसने निघाली. पिशवीत पांढरी चिकटपट्टी आणि जाड काळा पेन होता. त्रेचाळीस गावं तिच्याने व्हायची नव्हती. हे एक तरी. पण पेटी उघडायला चावी लागणार होती. परिपत्रकानंतर राधेश्याम आपली चावी देणार नव्हता आणि दुसरी नंदाबाईच्या गळ्यात होती. बसमध्ये तासभर तिने दुसरा काही मार्ग शोधला. सापडला नाही.

"पट्ट्या जुन्या झाल्यात, बदलायच्या आहेत," तिने सांगितलं.

नंदाबाईने कुलूप काढलं. दीपमालाने 'धरा'ची पट्टी नखाने सोलली. खाली जुना मजकूर निघाला. त्यावर तिने नवी पट्टी चिकटवली. नंदाबाईने जवळ येऊन, ओठ हलवत, एकेक अक्षर जोडलं.

"ला-ई-न चा-लू." ती थांबली. "हितं तर धरा व्हतं."

"हो."

नंदाबाईने दुसऱ्या बटणाकडे पाहिलं. तिथे अजून 'सोडा' होतं. दीपमालाने ती पट्टीही सोलली आणि तिच्यादेखत 'लाईन बंद' लिहिलं. लिहून झाल्यावरही ती वळली नाही.

ग्रामपंचायतीत कोणीतरी खुर्ची सरकवली. बाहेर एक म्हातारा खोकत गेला.

"म्हणजे मगऱ्यानं सोडली नव्हती," नंदाबाई म्हणाली.

"नाही."

"मंग मी..." ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली, एका बोटाकडे.

"तुम्ही बरोबर वाचलंत नंदाबाई. चुकीचं मी लिहिलं. दोष माझा आहे, एकटीचा." दीपमालाच्या स्वतःच्याच कानाला हे शब्द पोकळ वाटले.

नंदाबाईने ते ऐकलं की नाही, कळलं नाही. तिने नव्या पट्टीच्या कडेतून डोकावणाऱ्या जुन्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे खालचं काय लिव्हेल हाय?"

"विभवधारण कार्यान्वित करा."

"ते व्हतं तवा मला वाचता येत नव्हतं," ती हळू म्हणाली. "तवा मी हात लावत नव्हते. त्यांनाच बोलवायचे. मंग तुम्ही सोपं केलं." तिने दोरा गळ्यातून काढला आणि चावी दीपमालाच्या हातावर ठेवली. "कामून केलं सोपं?"

"तुम्हाला वाचता यावं म्हणून."

"आलं की मला वाचता," नंदाबाई म्हणाली.